विसळलेल्या बाटल्या

रत्नप्रभा घाडीगावकरने आयुष्याची बावीस वर्षं प्लास्टिक घडवण्यात घालवली आणि पुढची तीन ते नाहीसं करण्यात. दोन्ही कामं मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच इमारतीत झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मोल्डिंगच्या गाळ्यात ती डब्या-झाकणांच्या कडा ब्लेडने साफ करायची. एक दिवस मालकाने सगळी मशिनं वापीला हलवली आणि बायकांना एकेक स्टीलचा डबा देऊन निरोप दिला. प्लास्टिकवाल्याने जाता जाता स्टीलचा डबा द्यावा, यावर बायका जिन्यात पोट धरून हसल्या आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत रडायला लागल्या.

आठवड्याभराने वॉचमनने निरोप धाडला. चौथ्या मजल्यावर कोणी शिकलेली माणसं आलीत, त्यांना प्लास्टिकमधलं कळणारी बाई हवी आहे. रत्नप्रभा गेली. गाळ्यात शर्मिष्ठा मॅडम होती, बोरिवलीची, पस्तिशीची, चष्मा केसांत अडकवून तोच चष्मा टेबलावर शोधणारी. तिचा भागीदार देवदत्त सर फोनवर होता. पुढच्या तीन वर्षांत तो फोनवर नाही असं फार थोडा वेळ दिसला. शर्मिष्ठाने बाटल्यांचं एक पोतं तिच्यापुढे ओतलं आणि विचारलं, "ताई, यातल्या कुठल्या एका जातीच्या, सांगता येईल?" रत्नप्रभाने एकेक बाटली कानाशी नेऊन चुरगळली आणि आवाजावरून तीन ढीग केले. मशीनवर तपासल्यावर एकच बाटली चुकली होती. त्याच दिवशी ती कामाला लागली.

काम काय, ते तिला समजायला महिना गेला, पण एकदा समजल्यावर ती ते कोणालाही सांगत सुटली. रस्त्यावर फेकलेल्या पाण्याच्या नि कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणायच्या. त्यांची बुचं, लेबलं काढायची, त्या विसळायच्या नि मशीनमध्ये घालून त्यांचा चुरा करायचा. चुरा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मुरत ठेवायचा. मग ते पाणी गाळून त्यात चिमूटभर पिवळी पूड टाकायची आणि गच्चीवर मांडलेल्या काचेच्या नळ्यांत भरायचं. ऊन लागलं की नळ्यांत बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन, त्याच्यावर गाडी चालते, चूल पेटते, आणि जळल्यावर मागे नुसतं पाणी. शिवाय नळीत जे उरतं त्यातून औषधवाल्यांना लागणारं एक रसायन निघतं. ना भट्टी, ना वीज. कचरा आपला, ऊन देवाचं. शर्मिष्ठा मॅडमची सगळी मदार यावरच होती. दुसरे लोक बाटली विरघळवायला दिवसदिवस उकळतात, हिच्या गच्चीवर ते नुसत्या उन्हात होत होतं. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत विकतचं कोरं प्लास्टिक घेऊन हे केलं तेव्हा गॅस जेमतेम आला होता. मरोळच्या गच्चीवर खऱ्या बाटल्यांचा चौपट आला. त्या दिवशी शर्मिष्ठाने रत्नप्रभाला मिठी मारली होती, आणि रत्नप्रभाला आपले हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

"ताई, बाटल्या नीट विसळल्यात ना?" शर्मिष्ठा रोज विचारायची.

"विसळल्या मॅडम," ती रोज सांगायची.

घरी तिचा नवरा धोंडू या सगळ्याची वाट बघत बसलेला असायचा. कांजूरमार्गला पूर्वेला त्यांची खोली. धोंडूचा बाप गिरणीत होता. गिरणी गेल्यावर परळची जागा विकून कुटुंब इथे आलं, तेव्हा इथे खाडी नि मिठागरं होती आणि वारा चांगला यायचा. मग पलीकडे शहराचा कचरा पडू लागला. धोंडूची छाती आधीच गेली होती, गाड्यांना स्प्रेचा रंग मारण्यात. आता डंपिंग ग्राउंडवरून वारा सुटला की त्याला बसल्या जागी धाप लागे. मुलगी श्रुतिका लग्न होऊन विरारला गेलेली. दिवसभर तो खिडकीशी बसून त्या कचऱ्याच्या डोंगराकडे बघायचा. त्याच्याशी त्याचं जुनं वैर असल्यासारखं बघायचा.

"इलंस? आज किती बाटल्यो मारलंस?" ती दारात चप्पल काढेपर्यंत त्याचा प्रश्न तयार असे.

"दोनशे."

"म्हणजे त्या डोंगरातल्यो दोनशे कमी."

"त्या डोंगरातल्या नाय हो, अंधेरीतल्या हॉटेलांतल्या."

"पण हंयच येतल्यो होत्यो मा? मग कमीच झाल्यो." हा हिशोब धोंडूने स्वतःचा स्वतः बसवला होता आणि त्यात तो खूश होता. शेजारच्यांना तो सांगे, आमच्या बायलेच्या कंपनीने मनावर घेतल्यान तर धा वर्षांत डोंगर सपाट. लोक हसत. रत्नप्रभा हसत नसे. मनातून तिलाही तसंच वाटे. बावीस वर्षं आपण जे घडवलं ते आपल्याच हातून निस्तरलं जातंय, याचं तिला एवढं समाधान होतं की बसमध्ये, लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहूनही तिचे पाय दुखत नसत. दुखत असले तरी ती कबूल करत नसे.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये देवदत्तने फोन खाली ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. परदेशातल्या एका कंपनीची माणसं गच्चीवरचं काम बघायला येणार होती. पसंत पडलं तर पुढची पाच वर्षं काळजी नाही, मोठी जागा, मोठ्या नळ्या. नाही पडलं तर गाळा जूनपर्यंतच. "सो प्लीज, त्या दिवशी सगळं झकास पाहिजे," तो म्हणाला. "काच पुसून, टाइल्स पुसून. एकदम चकाचक."

हे शब्द देवदत्तने टाइल्ससाठी वापरले, पण रत्नप्रभाने ते बाटल्यांसाठी घेतले. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर बाई काय करते? फडताळातली न वापरलेली भांडीसुद्धा काढून घासते. एरवी गाळ्यात पाण्याची मारामार. सकाळी तासभर नळ येई, आणि त्यात रत्नप्रभा चाळीच्या सामायिक नळावर वाढलेली. पाणी वाया गेलेलं तिला बघवत नसे. दोनशे बाटल्यांना ती एक बादली पाणी घेई. प्रत्येक बाटलीत दोन घोट, खळखळ हलवायचं, तेच पाणी पुढच्या बाटलीत. पण पाहुण्यांसाठी देवदत्तने टँकर मागवला होता. टाकी काठोकाठ भरलेली बघून रत्नप्रभाने पदर खोचला. दोन दिवस ती बाटल्या घासत बसली. मानेतून बोट जाईना तेव्हा बाटल्या मधोमध कापल्या, आतून काथ्याने घासल्या, गरम पाणी फिरवलं आणि वर तीन पाण्यांनी धुतल्या. चुरा गच्चीवर चादरीवर वाळत घातला तेव्हा तो असा चमकत होता की तिनेच दोनदा उठून बघितला. शर्मिष्ठाला दाखवायचं तिच्या मनात होतं, पण मॅडम भाषण पाठ करत फेऱ्या मारत होती, म्हणून राहिलं.

पाहुणे साडेदहाला आले. तीन गोरे नि एक आपल्याकडची बाई. ऊन रणरणत होतं. शर्मिष्ठा बोलत होती, पाहुणे माना डोलवत होते आणि नळ्या शांत होत्या. एरवी अकरापर्यंत बुडबुड्यांची रांग लागायची. सव्वाअकराला एका नळीत एक बुडबुडा आला, वर गेला नि फुटला. बारा वाजता देवदत्तने पाहुण्यांना खाली चहाला नेलं. शर्मिष्ठा उन्हातच थांबली. एकेक नळी हातात घेऊन, हलवून, उन्हाकडे धरून बघत राहिली. अडीचला पाहुणे गेले. जाताना त्या बाईने शर्मिष्ठाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "पुन्हा करून बघा, महिन्याची मुदत देऊ," असं सांगितलं. एवढाच एक धागा उरला.

पुढचा आठवडा शर्मिष्ठा गाळ्यातच राहिल्यासारखी होती. पूड बदलून बघितली, कॉस्टिक बदललं, नळ्या बदलल्या. पाहुण्यांच्या वेळचा तो चमकदार चुरा पोतंभर उरला होता, तोच ती पुन्हा पुन्हा वापरत होती. "सगळ्यात क्लीन बॅच आहे यार, हिच्यात तरी यायलाच पाहिजे," ती देवदत्तला सांगायची. काहीच येत नव्हतं. तिने जेवणाचा डबा उघडणं सोडलं. रत्नप्रभा तिच्यापुढे चहा ठेवी आणि तासाने साय धरलेला तोच चहा उचलून नेई.

रत्नप्रभाला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. काय कळलं होतं, तर इतकंच, की वेगळं काही झालं असेल तर ते आपल्या हातून. आपण बाटल्या घासल्या. घासताना त्यांच्यातलं काहीतरी गेलं. तव्यावरचं तेल साबणाने काढलं की दुसऱ्या दिवशी घावणे चिकटतात, तसंच काहीतरी. सांगायची तिला भीती वाटत होती. जागा जाण्याची भीती होतीच, पण मॅडम आपल्याकडे कशा बघतील याची जास्त होती. चार दिवस तिने ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी शर्मिष्ठा टेबलावर डोकं टेकून रडत असलेली दिसली आणि रत्नप्रभाच्याने राहवेना.

"मॅडम, माझ्याच्याने चूक झाली."

शर्मिष्ठाने डोकं वर केलं.

"पाहुणे यायचे म्हणून मी बाटल्या घासल्या. काथ्याने. आतून. त्याच्यानेच वाट लागली. तुम्ही जुन्यासारख्या घ्या ना, नुसत्या विसळलेल्या. परत गॅस येतो की नाय बघा. माझं काय करायचं ते मग करा."

"म्हणजे?" शर्मिष्ठा म्हणाली. "आधी घासत नव्हतात?"

"नाय. तुम्ही विसळायला सांगितलेल्या."

"विसळायलाच सांगितलं. विसळणं म्हणजे..." ती अडखळली.

आता विसळणे हा शब्द मराठी घरात रोज शंभरदा वापरला जातो आणि कोणी त्याचा अर्थ विचारत बसत नाही. शर्मिष्ठाच्या घरी भांडी आधी घासली जात आणि मग आई ती स्वच्छ पाण्यातून विसळून पालथी घाली. विसळलं म्हणजे काम संपलं, भांडं लख्ख. रत्नप्रभाच्या खोलीत जेवण झालं की ताटात पाणी फिरवून, विसळून, ते मोरीत ठेवत. विसळलं म्हणजे घासायचं अजून बाकी. तीन वर्षं दोघी रोज एकमेकींना तोच शब्द सांगत होत्या नि ऐकत होत्या.

"ताई, विसळायचं ते दाखवा मला," शर्मिष्ठा हळू म्हणाली.

रत्नप्रभाने दाखवलं. एक बादली, दोन घोट, खळखळ, पुढची बाटली. शंभरेक बाटल्या झाल्यावर शर्मिष्ठाने बादलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळून बघितलं. बोटं चिकटली. कोल्ड्रिंकचा, फ्रूटीचा, कसल्या कसल्या सरबतांचा तळ त्या बादलीत जमून सगळ्या चुऱ्याला लागत होता. शर्मिष्ठाचा चेहरा असा उतरला की रत्नप्रभा घाबरून म्हणाली, "पाणी आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिष्ठाने तीनच नळ्या मांडल्या. एकीत घासलेल्या बाटल्यांचं पाणी, दुसरीत विसळलेल्यांचं, आणि तिसरीत बाटली नाहीच, नुसती चहाची साखर. पिवळी पूड तिन्हीत. देवदत्तही फोन खिशात घालून आला. ऊन वर आलं तसे साखरेच्या नळीत बुडबुडे धरले, मग विसळलेल्या नळीत. घासलेली नळी उन्हात तशीच राहिली.

"बघा, आला ना गॅस!" विसळलेल्या नळीकडे बोट दाखवून रत्नप्रभा जवळजवळ ओरडलीच. एवढ्या दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. दोघांपैकी कोणी हसलं नाही, तेव्हा तिने तिसऱ्या नळीकडे नीट बघितलं.

"तो साखरेचा आहे, ताई," शर्मिष्ठा म्हणाली. "तीन वर्षं साखरेचाच होता. साखर उन्हात पटकन तुटते. बाटली तुटतच नव्हती. चौपट बघून मला इतका आनंद झाला की मी मागे वळून नीट तपासलंच नाही. तपासायला घेतल्या त्या बाटल्यासुद्धा विसळलेल्याच होत्या."

देवदत्त गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होता. "ऐक ना," तो म्हणाला. "त्यांनी महिना दिलाय. विसळलेल्या ठेवू. गॅस दिसेल. एकदा सपोर्ट मिळाला की बाकीचं शोधायला पाच वर्षं आहेत आपल्याकडे. कोण विचारणार आहे, बाटल्या कशा धुतल्या?"

"मी विचारणार आहे," शर्मिष्ठा म्हणाली.

"मॅडम, सर बरोबर बोलतात." रत्नप्रभा मध्ये पडली. या दोघांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे. "ह्यात खोटं काय? कचरा काय धुतलेला असतो का? साखर पण कचराच ना, कोणीतरी टाकलेलीच. गॅस येतो ना? मग येऊ दे की."

शर्मिष्ठाने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, फार दमून. "पण बाटली तशीच राहते हो. तळाशी चुरा उरतो तो तुम्ही कुठे टाकता?"

"खाली. डब्यात. तुम्हीच सांगितलेलं, धुवून टाका म्हणून." सांगता सांगताच रत्नप्रभाचा आवाज बारीक झाला. रोज सकाळी ती तो चुरा पिशवीत भरून चार मजले खाली नेत होती. पालिकेची गाडी तो उचलत होती. ती गाडी कुठे जाते हे मरोळमध्ये कोणाला ठाऊक नसलं तरी रत्नप्रभाला पाठ होतं. पिशवी जड लागायची, याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. ती पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली. आपण बोललोच नसतो तर, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. घासल्या नसत्या तर. घासल्या त्या घासल्या, पण गप्प बसलो असतो तर.

शर्मिष्ठाने पाहुण्यांना खरं ते लिहून कळवलं. त्यांनी दोन ओळींत आभार मानले. जूनच्या आत गाळा रिकामा झाला. नळ्या एका कॉलेजने नेल्या. देवदत्तला बंगळूरला नोकरी लागली आणि जाताना तो रत्नप्रभाशी नीट बोललासुद्धा नाही. तिने ते मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणते. शर्मिष्ठाने मात्र तिला त्याच इमारतीत, तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांच्या पॅकिंगमध्ये लावून दिलं. म्हणजे बस तीच, वेळ तीच, डबा तोच. धोंडूला सांगायचं तेवढं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पावसाळा सरला आणि त्याची धाप वाढली. डॉक्टरांनी घरी प्राणवायूचं मशीन ठेवायला सांगितलं. आता तो नाकाला नळी लावून खिडकीशी बसे आणि विचारे, आज किती? ती सांगे, दोनशे. कधीतरी अडीचशे.

दिवाळीनंतर एका रविवारी शर्मिष्ठा अचानक कांजूरला आली. तीही आता कुठेतरी शिकवत होती. हातात मिठाईचा पुडा नि एक लिफाफा. चूक कशी झाली याचा लेख तिने लिहिला होता, तो छापून आला होता, आणि त्यात तिने रत्नप्रभाचं नाव घातलं होतं. "तुमच्यामुळे कळलं, म्हणून," ती दारातच सांगू लागली. रत्नप्रभाने घाईने तो लिफाफा घेतला नि पदराखाली धरला. तिने मॅडमला काही खुणावण्याआधीच आतून धोंडूने हाक मारली.

"मॅडम इल्यो? येवा, येवा! बसा." तो उठायला बघत होता. शर्मिष्ठाने त्याला धरून पुन्हा बसवलं. "मी हिका रोज इचारतंय. ही सांगता चालू हा म्हणान, पण बायल नवऱ्याक खरा सांगता काय?" तो हसला, त्यात खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. मग त्याने खिडकीबाहेर बोट केलं. "तुम्ही सांगा. शिकलेली माणसं तुम्ही. डोंगर सपाट होतलो काय? माझ्या डोळ्यांदेखत नाय. पण होतलो?"

शर्मिष्ठाने रत्नप्रभाकडे बघितलं. रत्नप्रभा खाली बघत होती. मशीनची घरघर चालू होती. या बाईने गाळा बंद केला, पण एक ओळ खोटी लिहिली नव्हती, हे रत्नप्रभाला माहीत होतं. आता मॅडम काय बोलणार या भीतीने तिने पदराखालचा लिफाफा आणखी आत सरकवला.

"होणार ना काका," शर्मिष्ठा म्हणाली. "चाललंय काम. ताई आहेत ना."

धोंडूने मान डोलवली आणि तो मागे टेकला.

रत्नप्रभा तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेली. बस यायला वेळ होता. शर्मिष्ठाने चष्मा काढून ओढणीने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी खोटं बोलले, ताई," ती म्हणाली. रत्नप्रभाने तिचा हात हातात घेतला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.